ओरिजिनल आहे का?

जुन्या पोर्शेचं चाक विकत घ्यायला आलेला जाणकार माणूस चाकाच्या दर्शनी बाजूकडे फारसं बघत नाही. तो ते आधी उलटं करतो आणि पाकळ्यांच्या मागे उमटवलेले आकडे शोधतो. माप, पार्ट नंबर, ओटो फुक्स या जर्मन कंपनीची खूण, आणि ते चाक कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात घडवलं त्याचा शिक्का. पुढची बाजू कुणीही चकचकीत करून देईल. मागचा शिक्का गाडीच्या जन्मतारखेशी जुळला नाही, तर बोलणं तिथेच थांबतं, निदान भाव तरी खाली येतो. जुळला, तर मात्र गिऱ्हाईक घासाघीस विसरतं.

ही फुक्सची चाकं १९६६ मध्ये पोर्शे ९११ एस या मॉडेलबरोबर आली. पाच पाकळ्या, ओतीव नाही तर दाबाखाली घडवलेलं अ‍ॅल्युमिनियम; वजनाला हलकं, ताकदीला भक्कम. सहा इंच रुंदीची सुरुवातीची चाकं खोलगट होती, नंतर त्यांचा चेहरा सपाट झाला. म्हणून बाजारात ‘डीप सिक्स’ आणि ‘फ्लॅट सिक्स’ अशी दोन नावं आहेत, आणि दोन वेगळे भाव. एकेकाळी गाड्या तोडणाऱ्यांच्या आवारात थप्प्या लावून ठेवलेली ही चाकं. आज योग्य तारखांच्या चार डीप सिक्ससाठी लोक हजारो डॉलर मोजतात. गंमत अशी की मूळ पृष्ठभागावर अ‍ॅनोडायझिंगचा पातळ थर असतो आणि घासून पॉलिश केलं की तो जातो. त्यामुळे थोडे ओरखडे असलेलं पण कुणी हात न लावलेलं चाक, आरशासारख्या लखलखीत चाकापेक्षा महाग पडतं.

जुन्या स्पोर्ट्स कारच्या वापरलेल्या मूळ भागांचे भाव गेल्या दहा-पंधरा वर्षांत असे चढले आहेत. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: जुनं झालं, दुर्मिळ झालं, महाग झालं. मला हे उत्तर अर्धंच पटतं. ९११ काही दुर्मिळ गाडी नाही. १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती ९०१ या नावानं आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोनं हक्क सांगितला म्हणून तिची ९११ झाली. हवेनं थंड होणारं इंजिन तिनं १९९८ पर्यंत सोडलं नाही. २०१७ च्या मे महिन्यात दहा लाखावी ९११ कारखान्यातून बाहेर पडली. इतक्या संख्येनं बनलेल्या गाडीच्या आरशाला, घड्याळाला, पाना-पक्कडीच्या पिशवीला सोन्याचा भाव का यावा?

एक कारण मालकांच्याच कर्मात आहे. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत जुनी ९११ ही फक्त जुनी गाडी होती. मालकाला ती नवी दिसायला हवी होती. मग लोकांनी पातळ क्रोमचे बंपर काढून नव्या मॉडेलचे जाड बंपर लावले, चाकांवरचे पत्रे कापून फुगवले, मूळ सीटांच्या जागी भपकेबाज सीटा बसवल्या. काढलेला माल गॅरेजच्या मागे गंजला किंवा भंगारात गेला. पुढे वारं फिरलं. साठच्या दशकातला साधा, सडपातळ अवतार हाच खरा, असं ठरलं आणि जो तो काढून टाकलेले भाग शोधत सुटला. फॅशनच्या एका पिढीनं जे फेकलं, ते पुढची पिढी चढ्या भावानं परत विकत घेते आहे. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात रॉब डिकिन्सन या माजी रॉक गायकानं सिंगर नावाची कंपनी काढली. ती ९६४ पिढीच्या ९११ घेऊन त्यांना नव्यानं घडवते, पण रूप जुन्या काळचं देते. त्या गाड्यांच्या किमती ऐकून, कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या ९११ कडेही लोक वेगळ्या नजरेनं बघू लागले.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे आणि त्याची चर्चा कमी होते. वापरलेला भाग कुठून येतो? मोडलेल्या गाडीतून. आपल्याकडे फाटलेली जरीची साडी चांदीसाठी जरीवाल्याला द्यायची पद्धत होती. साडीपेक्षा चांदीचे पैसे जास्त येत तोवरच तो व्यवहार परवडायचा. गाडीचं तसंच आहे. जुनी ९११ स्वस्त होती तेव्हा अपघातात चेपलेली किंवा तळातून गंजलेली गाडी बेधडक तोडली जायची. १९७६ च्या मॉडेलपासून पोर्शेनं सगळ्या पत्र्याला जस्ताचा मुलामा द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या गाड्या गंजानं पोखरल्या जात, म्हणजे तोडायला गाड्यांची कमतरता नसे. इंजिन, गिअरबॉक्स, मीटर, दरवाजे असा माल त्यातून सुटायचा. गाडीची किंमत चढली तसं हे उलटलं. आता नुसता चाळणी झालेला सांगाडा सापडला तरी तो कुणी मोडत नाही. त्याचा नंबर जपून, पत्रा बदलून, तीच गाडी पुन्हा उभी केली जाते. म्हणजे भागांची मागणी वाढली त्याच सुमारास त्यांची आवक आटली. एका बाजूला एक गाडी वाचली, दुसऱ्या बाजूला चार गाड्यांच्या उपयोगी पडले असते ते भाग बाजारात आलेच नाहीत. पोर्शेचीच ९४४ अजून त्या उंबरठ्याच्या अलीकडे आहे. १९८२ ते १९९१ या काळात दीड लाखाहून जास्त बनलेली ही गाडी आजही तोडली जाते, म्हणून तिचे बरेच भाग आवाक्यात आहेत.

पण खरी गोम तिसऱ्या कारणात आहे, आणि ती समजून घ्यायची तर ९११ च्या इंजिनाच्या पोटात शिरावं लागतं. १९६८ च्या मॉडेलपासून पोर्शेनं वजन वाचवण्यासाठी इंजिनाचं केसिंग मॅग्नेशियमचं केलं. मॅग्नेशियम हलकं खरं, पण मऊ. इंजिन मोठं होत होत २.७ लिटरवर गेलं, उष्णता वाढली, आणि सिलिंडर हेड धरून ठेवणारे स्टड केसिंगमधले आटे घेऊन उपटून यायला लागले. केसिंग वाकडं होणं हेही नेहमीचं. पुढे १९७८ च्या एससी मॉडेलपासून पोर्शेनं सरसकट अ‍ॅल्युमिनियमचं केसिंग दिलं आणि दुखणं मिटलं. साध्या व्यवहारी बुद्धीनं पाहिलं तर जुन्या गाडीचं केसिंग गेलं की नंतरचं दणकट केसिंग बसवावं आणि मोकळं व्हावं.

तसं कुणी करत नाही, कारण इंजिनचा नंबर केसिंगवर कोरलेला असतो. तो नंबर कारखान्याच्या नोंदीतल्या चेसिस नंबरशी जुळला, तर ती गाडी ‘मॅचिंग नंबर’. १९७३ ची कॅरेरा आरएस २.७ घ्या. शर्यतीच्या नियमांसाठी अशा ५०० गाड्या बनवणं भाग होतं. विकल्या गेल्या म्हणून १,५८० बनल्या. अशा गाडीच्या किमती दहा लाख डॉलरच्या घरात गेल्या आहेत, आणि तिचं मूळ इंजिन हरवलेलं असेल तर त्या किमतीला मोठा चिमटा बसतो. म्हणून मालक तडे गेलेलं, वाकलेलं मॅग्नेशियमचं केसिंग वेल्डिंग करून, आट्यांत स्टीलचे इन्सर्ट बसवून, बोअर सरळ करून पुन्हा वापरतो. यंत्र म्हणून त्याच्याहून चांगला पर्याय उपलब्ध आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तो यंत्र दुरुस्त करत नसतो, पुरावा जपत असतो. मूळ भागांचे भाव वाढले ते या पुराव्यापोटी, असं माझं मत आहे. चालवण्यासाठी भाग लागतो तेव्हा त्याला एक किंमत असते. सिद्ध करण्यासाठी लागतो तेव्हा तिला वरची मर्यादा राहत नाही.

वेबर कार्ब्युरेटरचंही हेच. एदोआर्दो वेबरनं बोलोन्यात हा धंदा उभा केला आणि फेरारीपासून अल्फा रोमिओपर्यंत, सुरुवातीच्या ९११ पर्यंत, अनेकांनी त्याचे कार्ब्युरेटर लावले. नंतर उत्पादन स्पेनला गेलं. स्पेनमधला कार्ब्युरेटर पेट्रोल नीट देतो, गाडी नीट पळते. तरी ज्याच्या अंगावर बोलोन्याचं नाव आहे तो वापरलेला, झिजलेला नग गिऱ्हाईक आधी उचलतं. फेरारीच्या टूलकिटची तर बातच वेगळी. कातड्याची पिशवी, त्यात ठरावीक कंपनीचे पाने, जॅक, स्क्रू ड्रायव्हर: या पिशव्या लिलावात स्वतंत्रपणे मांडल्या जातात आणि हजारो डॉलरला जातात. त्यातल्या पान्यानं नट खोलायची हिंमत कुणी करत नाही.

जिथे पुराव्याला पैसा, तिथे बनावट पुरावाही आलाच. जुने आकडे घासून नवे ठोकणं ही या धंद्यातली ओळखीची लबाडी आहे. त्यामुळे आकड्यांचं वळण, ठोक्याची खोली, घासल्यावर धातूवर राहणाऱ्या रेषा ओळखणारे तज्ज्ञ तयार झाले आणि त्यांची फी हाही आता गाडीच्या खर्चाचा भाग झाला.

सगळ्या जुन्या स्पोर्ट्स कारची ही कथा नाही. ब्रिटनची एमजीबी बघा. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनली. बाकीच्यांसारखीच गंजायची. पण तिचे पत्रे दाबायचे जुने साचे ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनं शोधून काढले, ऑक्सफर्डशायरमध्ये एकत्र आणले आणि १९८८ मध्ये एमजीबीचा अख्खा नवा सांगाडा विकायला काढला. मूळ साच्यातून आलेला, म्हणून दारं-बॉनेट जागच्या जागी बसणारा. त्याच सांगाड्याच्या जोरावर रोव्हरनं १९९२ मध्ये एमजी आरव्ही८ ही गाडी काढली; सुमारे २,००० बनल्या आणि त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. एमजीबीचे मालक आजही गाडी पावसात बाहेर काढतात. पत्रा गंजला तर नवा मिळतो, मग घाबरायचं कशाला?

डिलोरियनच्या वाट्याला याच्या नेमकं उलट आलं. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ डनमरीला १९८१-८२ मध्ये सुमारे ९,००० गाड्या बनल्या आणि कंपनी बुडाली. उरलेल्या सुट्या भागांचा प्रचंड साठा अमेरिकेला गेला, पुढे टेक्सासमधल्या एका कंपनीच्या हातात आला, आणि त्यामुळे या बुडालेल्या कंपनीच्या गाडीला चाळीस वर्षांनंतरही बरेच भाग कोरे मिळतात. फक्त पत्र्याचे साचे वाचले नाहीत. त्यातले काही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवेच्या समुद्रात मासेपालनाची जाळी तळाला धरून ठेवण्यासाठी वजन म्हणून बुडवले गेले. डिलोरियनचं अंग बिनरंगाच्या स्टेनलेस स्टीलचं. चेपलं तर पुट्टी भरून वर रंग मारायची सोय नाही. साठ्यातले पुढचे डावे मडगार्ड संपले, आणि साचाच नसल्यानं त्यांचा भाव वापरलेल्या गाड्याच ठरवतात. साचा जपायला जागा लागते, पैसा लागतो, आणि कंपनी बंद पडताना त्याचा विचार करायला कुणी उरत नाही.

मोठ्या कंपन्यांना हे उशिरा का होईना कळलं. जपानमध्ये निसाननं २०१७ च्या शेवटी स्कायलाइन जीटी-आरच्या आर३२ पिढीसाठी बंद केलेले भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली, नंतर आर३३ आणि आर३४ त्यात आल्या. माझदानं हिरोशिमात पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चं पुनरुज्जीवन हाती घेतलं. त्यासाठी नार्दीचं लाकडी स्टिअरिंग आणि ब्रिजस्टोनचे मूळ नक्षीचे टायरसुद्धा परत काढायला लावले. टोयोटानं सुप्रा, २०००जीटी आणि एई८६ चे भाग काढले. यातली २०००जीटी फक्त ३३७ बनलेली. तिचे भाग त्या गाडीच्या मालकांनाच, तेही मोजकेच देण्याची अट टोयोटानं घातली, म्हणजे कुणी घेऊन चढ्या भावानं पुन्हा विकू नयेत. कंपनीला आपल्या गिऱ्हाइकाची पुरती ओळख आहे, एवढं यातून दिसतं.

जपानी भागांचे भाव भडकायला एक अमेरिकन कायदाही कारण झाला. तिथल्या सुरक्षा नियमांत न बसणारी परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय सहज आणता येत नाही. १९८९ ची आर३२ २०१४ मध्ये त्या वयाची झाली, १९९९ ची आर३४ २०२४ मध्ये. तारीख ठाऊक असल्यानं व्यापारी आधीच गाड्या आणि भाग उचलून बसले. योकोहामातल्या मालकाला ज्या हेडलाइटसाठी शेजारच्या दुकानात जावं लागायचं, त्यासाठी आता त्याची स्पर्धा टेक्सास आणि सिडनीशी असते. आर३२ च्या डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हानं फुगून वर येतं. न फुगलेला डॅशबोर्ड आज शोधूनच काढावा लागतो.

कंपनीनं भाग पुन्हा काढले की जुन्यांचे भाव उतरतील, असं वाटतं. तसं क्वचितच होतं. पुन्हा काढलेला भाग थोड्या संख्येनं बनतो, म्हणून महाग असतो. आणि वापरलेल्या मूळ भागाचा मालक त्या किमतीकडे बोट दाखवून आपला भाव त्याला लावून घेतो. पोर्शेनं २०१८ मध्ये ९५९ या गाडीची क्लच सोडणारी एक छोटी दांडी पोलादाची भुकटी लेझरनं वितळवून थरावर थर देत छापली. ९५९ एकूण २९२ बनल्या होत्या. तेवढ्यांसाठी ओतकामाचा साचा परवडत नाही, छपाई परवडते. त्याच वर्षी कंपनीनं ९९३ पिढीच्या ९११ टर्बोचा एक उरलेला नवा सांगाडा घेऊन साडेसहा हजारांहून जास्त सुट्या भागांतून एक गाडी उभी केली आणि लिलावात काढली. रस्त्यावर चालवायची नोंदणी तिला मिळणार नव्हती. तरी ती सुमारे २७ लाख युरोंना गेली. पैसे धर्मादाय कामाला दिले. नुसत्या स्पेअर पार्टांची बेरीज किती होते, याचा याहून ढळढळीत हिशेब मी पाहिलेला नाही.

लोखंड-पत्र्याचं एक वेळ जमतं. नव्वदीच्या दशकातल्या इलेक्ट्रॉनिक्सपुढे हे सगळे हात टेकतात. कंट्रोल युनिटमधले कपॅसिटर गळतात, बोर्ड खातात, आणि ती चिप आता कुणी बनवत नाही. मॅकलरेन एफ१ घ्या. १९९२ ते १९९८ मध्ये १०६ बनल्या, जगातल्या सगळ्यात महाग गाड्यांत गणती. तिची तपासणी करायला कंपनीला वर्षानुवर्षं नव्वदीतला एक कॉम्पॅक लॅपटॉप लागत होता, कारण जोडणीचं कार्ड त्याच्याचसाठी बनवलेलं होतं. कोट्यवधींची गाडी आणि भंगारात जायच्या लायकीचा संगणक एकमेकांवर अवलंबून!

जुनं आणि मूळ म्हणजे चांगलंच, हा समजही धोक्याचा आहे. फेरारी एफ४० ची पेट्रोलची टाकी शर्यतीच्या गाडीसारखी, रबरी पिशवीची. दहा-एक वर्षांत ती बदलावीच लागते, आणि मूळ आहे म्हणून तीस वर्षं जुनी ठेवणं म्हणजे पाठीमागे आग घेऊन बसणं. टायर, ब्रेकचे होज, रबरी सील यांनाही हेच लागू. कारखान्यातले मूळ टायर आहेत, असं अभिमानानं सांगणाऱ्या विक्रेत्याला त्याच्या गाडीतून चक्कर मारायला सांगावी.

आपल्याकडे स्पोर्ट्स कारचा असा बाजार नाही, पण त्यामागची रीत अनोळखी नाही. यामाहा आरएक्स१०० १९८५ मध्ये आली, १९९६ मध्ये बंद झाली. सुरुवातीच्या गाड्यांत जपानहून आलेले भाग होते, आणि ‘जपान मेड’ म्हटलं की पुण्या-कोल्हापूरच्या गॅरेजात आजही आवाज बदलतो. डुप्लिकेट स्वस्तात मिळतो, तरी वापरलेला मूळ भाग त्याच्यापेक्षा महाग. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं वेगळं झालं. मुंबईत पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावत होत्या तोवर तिचे भाग बनतही होते आणि मोडीतूनही निघत होते. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. घरची पद्मिनी जपणाऱ्याला यापुढे तिच्या भागांसाठी जास्त वणवण करावी लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

शिवाय कायद्यानंही मूळपणाला आता वजन दिलं आहे. केंद्र सरकारनं २०२१ च्या जुलैमध्ये विंटेज वाहनांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल न केलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये. म्हणजे आजोबांच्या गाडीतलं मूळ इंजिन काढून डिझेल बसवणाऱ्यानं तेव्हा पेट्रोलचे पैसे वाचवले, पण नातवाच्या नोंदणीत अडथळा निर्माण करून ठेवला.

म्हणून ज्यांच्या दारात जुनी गाडी किंवा मोटारसायकल आहे त्यांना एवढंच सांगणं. गॅरेजमध्ये काढलेला मूळ भाग मेकॅनिककडे सोडू नका. मोडका असला तरी घरी आणा, पुसा, तेलाचा हात द्या आणि सुतळीनं चिठ्ठी बांधून ठेवा: कोणत्या गाडीचा, कोणत्या साली काढला, का काढला. कार्ब्युरेटर, मीटर, दिवे, बिल्ले, टूलकिट, जुनी बिलं, सर्व्हिस बुक, यातलं काही रद्दीवाल्याला देऊ नका. रबर मात्र निःसंकोच फेका. आणि जुनी गाडी विकत घ्यायला जाल तेव्हा नंबर जरूर जुळवा. पण त्याआधी ती गाडी चालू करायला सांगा, आणि गाव ओलांडून परत येईपर्यंत चालवून बघा.